टाकीत गॅस आहे, पण भट्टी बसते

प्रश्न: १९ किलोच्या टाकीवर दोन मोठ्या भट्ट्या लावल्या की तासाभरात टाकीला खालून बर्फ धरतो आणि ज्योत बसते. वजन केलं तर आत ६-७ किलो शिल्लक, हलवली तर डुचमळते. सकाळी तीच टाकी पुन्हा चालते. दाब संपला असेल तर आतला गॅस पातळ कसा राहतो?

प्रतिसाद १: दाब गॅस किती उरला यावर नाही, द्रवाच्या तापमानावर ठरतो. टाकीतला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेनचा बाष्पदाब (बंद टाकीत द्रवावरच्या वाफेचा दाब) ३० अंशांना सुमारे १०.८ बार, शून्याला ४.७. ब्युटेनचा ३० अंशांना २.८ आणि शून्याला जेमतेम १ बार, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच. तिथे ब्युटेन पातळच बसून राहतं, रेग्युलेटरकडे ढकलायला जोर उरत नाही. प्रोपेन आधी उडतं, त्यामुळे तळाशी उरतो तो आळशी भाग.

प्रतिसाद २: हिशोब करा. एक किलो द्रवाची वाफ व्हायला साधारण ३७० किलोज्यूल लागतात. ताशी दीड किलो ओढलात तर सतत दीडशे वॅट उष्णता हवी. ती द्रवाला लागून असलेल्या पत्र्यातूनच येते; कमी पडली की द्रवच गारठतो आणि दाब उतरतो. पातळी उतरली की तो पत्राही कमी होतो, वर बर्फाचा थर. म्हणून शेवटचे ६-७ किलोच अडतात. रात्रभरात टाकी हवेच्या तापमानाला येते, एवढंच.

प्रश्नकर्ता: मग उकळतं पाणी ओतलं तर? किंवा टाकी आडवी केली तर?

प्रतिसाद १: दोन्ही नको. ५० अंशांना प्रोपेन १७ बारवर जातं. शिवाय द्रव फुगतो. वरची वाफेची जागा भरली की दाब बाष्पदाबापाशी थांबत नाही, एकदम चढतो. आडव्या टाकीतून द्रवच नळीत येतो, एका लिटरचा सुमारे २५० लिटर गॅस होतो आणि भट्टीवर भडका उडतो.

प्रतिसाद २: वितरकाकडून मॅनिफोल्ड (अनेक टाक्या एकत्र जोडणारी नळी) बसवून घ्या आणि दोन-तीन टाक्या एकदम चालू ठेवा, एकामागून एक नाही. ओढ विभागली की प्रत्येक टाकी कमी गारठते. टाक्या मोकळ्या हवेत, उभ्याच. गोणपाट गुंडाळू नका, बाहेरून येणारी उष्णताच अडते.