थिएटरांच्या जुन्या वस्तीत नवं हॉटेल? माझं मत: होऊ द्या

उत्तररंग

जुनी थिएटरं, गाण्याचे अड्डे, मध्यरात्रीनंतरही जागे असणारे रस्ते. अशा वस्तीत नव्या हॉटेलाचा प्रस्ताव आला की जगात कुठेही एकच ओरड होते: आता वस्तीची वाट लागली. मला हे पटत नाही, म्हणून हा काथ्याकूट.

एक तर अशा वस्त्यांत हॉटेलं पहिल्यापासून होतीच. दौऱ्यावरच्या नाटक कंपन्या, वादक, बाहेरगावचे प्रेक्षक रात्री पाठ टेकायला कुठे जात होते? दुसरं म्हणजे रिकामा भूखंड काही कायम रिकामा राहत नाही. हॉटेल अडवलंत तर तिथे फ्लॅट येतील, आणि गाण्याबजावण्याचा खरा वैरी फ्लॅट आहे. हॉटेलातला पाहुणा आवाजाने जागा झाला तर रिसेप्शनला फोन करतो, खोली बदलून घेतो, फार तर जाताना वाईट शेरा लिहितो. फ्लॅटवाला कर्ज काढून आलेला असतो. तो तक्रार करतो आणि क्लब बंद होईपर्यंत करत राहतो.

टोकियोचं काबुकिचो बघा. युद्धानंतर तिथे काबुकीचं, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकाचं, थिएटर बांधायचं ठरलं, त्यावरून हे नाव. थिएटर झालंच नाही, नाव तेवढं चिकटलं. तिथल्या जुन्या मिलानो सिनेमागृहाच्या जागेवर २०२३ मध्ये ४८ मजली टॉवर उघडला. ऑफिस एकही नाही. वर दोन हॉटेलं, खाली सिनेमा आणि नाट्यगृह, तळघरात दीड हजार माणसं मावतील असा लाइव्ह संगीताचा हॉल. हॉटेल आलं आणि रंगमंच कमी न होता वाढले.

विंगेतला

उत्तररंगराव, सोयीचं उदाहरण निवडलंत. आता गैरसोयीचं घ्या.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला १९८५ मध्ये मॅरियट मार्क्वी हॉटेल सुरू झालं. त्यासाठी १९८२ मध्ये पाच थिएटरं पाडली. दोनांचा तोवर सिनेमा झाला होता, पण मोरोस्को, हेलन हेज आणि बिजू ही नाटकाची घरं होती. जोसेफ पॅप या निर्मात्याच्या पुढाकाराने नटनट्या रस्त्यावर उतरल्या, धरपकड झाली. कोर्टाची स्थगिती उठली त्याच दिवशी पाडापाडीची यंत्रं चालू झाली.

बदल्यात हॉटेलच्या पोटात एक नवं थिएटर मिळालं, सुमारे सोळाशे खुर्च्यांचं. मोरोस्को हजाराच्या आतलं होतं. ज्यांनी दोन्ही आकारांच्या घरांत काम केलंय त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. लहान घरात नट नुसता थांबला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं. सोळाशेचं घर भरायला मोठी संगीतिका लागते, वाद्यवृंद लागतो, तिकिटं तशी लावावी लागतात. नवं नाटक तिथे कोण करून बघेल?

वर त्या हॉटेलची लॉबी आठव्या मजल्यावर! फुटपाथवरून चालणाऱ्याला काय मिळालं, तर भिंत आणि गाड्यांची रांग.

उत्तररंग

१९८२ ची गोष्ट माहीत आहे. पण ती तिथेच संपत नाही ना. त्या संतापातूनच १९८७-८८ मध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे टाइम्स स्क्वेअरभोवतीच्या नाट्यवस्तीच्या, दोन डझनांहून अधिक थिएटरांना वारसा संरक्षण मिळालं. मग १९९८ मध्ये टीडीआरसारखी सोय झाली: जुन्या थिएटरने आपलं न वापरलेलं चटईक्षेत्र त्याच विभागातल्या बिल्डरला विकायचं आणि थिएटर थिएटर म्हणूनच चालवण्याची हमी द्यायची. म्हणजे शेजारचा टॉवर वाढतो त्याचे पैसे जुन्या छपरात जातात. टॉवरच नको म्हटलं तर ते छप्पर कोण दुरुस्त करणार? तिकीटविक्रीतून होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि ब्रॉडवेचंच १९१३ चं पॅलेस थिएटर? ते पाडलं नाही. अख्खं थिएटर, सजावटीच्या प्लास्टरसकट, २०२२ मध्ये जॅक लावून सुमारे तीस फूट वर उचललं. खाली दुकानं, वर हॉटेल.

विंगेतला

आणि ते २०१८ ला बंद झालेलं थिएटर परत उघडलं २०२४ मध्ये. मधल्या काळात महामारी आली हे मान्य, पण इतकी वर्षं त्या घरात एक प्रयोग नाही. डोअरकीपर, प्रकाशवाले, वेशभूषेच्या बायका यांनी तेवढा काळ काय जॅककडे बघत बसायचं?

झोपाळू_प्रवासी

पाहुण्याच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून मी. आम्हाला वस्तीही हवी असते आणि झोपही. दोन्ही द्या, भांडू नका.

ध्वनिमापक

वरच्या भाबड्या वाक्यात खरा प्रश्न आहे. माझं काम इमारतींच्या ध्वनिरोधनाचं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

उत्तररंग म्हणतात हॉटेलचा पाहुणा तक्रार करत नाही. पाहुणा करत नसेल, पण हॉटेलचा मॅनेजर करतो, आणि तो एकट्या फ्लॅटवाल्यापेक्षा वजनदार असतो. रस्त्याकडच्या खोल्यांना वाईट शेरे पडायला लागले की तो पहिल्यांदा काच बदलत नाही. वकिलाला फोन करतो. काच महाग पडते.

शिवाय आवाज मोजण्यातच गोम आहे. बहुतेक नियम डेसिबल ‘ए’ या मापात लिहिलेले असतात. हे माप माणसाच्या कानाच्या सवयीप्रमाणे खर्जातल्या आवाजाला कमी लेखतं, ६३ हर्ट्झला जवळपास २६ डेसिबलने. क्लबमधून भिंतीपलीकडे येतो तो नेमका हाच ठोका. कागदावर आकडा नियमात बसतो आणि पलंगावर झोपलेल्याच्या छातीत धडधड होते. साइटवर मी पहिल्यांदा पाण्याचा ग्लास भिंतीला टेकलेल्या टेबलावर ठेवतो. पाणी थरथरलं तर तो आवाज खिडकीतून येत नाहीये, इमारतीच्या पायातून आणि सामाईक भिंतीतून चढतोय. तिथे दुहेरी काच लावून काही होत नाही. इमारतीचा सांगाडाच शेजाऱ्यापासून सुटा ठेवावा लागतो, आणि ते बांधकामाआधी ठरलं तरच शक्य असतं.

बाकी उपाय साधे आहेत: दोन काचांत वीतभर पोकळी, खोल्यांची तोंडं मागच्या चौकाकडे, रस्त्याच्या बाजूला जिने, लिफ्ट आणि कॉरिडॉर. यांत्रिक वायुवीजन मात्र विसरू नका. नाहीतर पाहुणा उकडतं म्हणून खिडकी उघडणार आणि सगळा खर्च पाण्यात.

हे सगळं कोणी करायचं, हा धोरणाचा प्रश्न. ‘मागून येईल त्याने आवाजाची सोय करावी’ हे तत्त्व ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये नियोजनात आणलं, इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात ते २०१८ ला आलं. ब्रिस्बेनने तर २००६ मध्येच फोर्टिट्यूड व्हॅली हा खास करमणूक विभाग ठरवून टाकला. असा नियम नसेल तिथे माझा हॉटेलला विरोध. असेल तिथे नाही.

पाया_पक्का

ध्वनिमापक, +१. सांगाड्याची गोष्ट निघालीच आहे तर बांधकामाचंही बोला. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीच्या वेशीवर, कॅनाल स्ट्रीटला, हार्ड रॉक हॉटेल बांधताना १२ ऑक्टोबर २०१९ ला वरचे मजले कोसळले. तीन कामगार गेले. त्यांतल्या दोघांचे मृतदेह ऑगस्ट २०२० पर्यंत ढिगाऱ्यातच होते. समोर १९२७ चं सेंगर थिएटर. त्याचे प्रयोग रद्द झाले.

अपघात कुठेही होतो, कबूल. पण जुन्या वस्तीत गल्ल्या अरुंद, भिंतीला भिंत लागून, शेजारचा पाया किती खोल आहे त्याचा नकाशा नाही. खोल तळघरासाठी पाणी उपसलं की शेजारची विटांची भिंत खचायला लागते. आधी शेजारच्या प्रत्येक इमारतीच्या तड्यांचे फोटो आणि त्यांवर मोजपट्ट्या, मगच पहिली पायलिंग. याला बिल्डर नेहमी ‘उशीर’ म्हणतो.

तिसरी_घंटा

सगळे इमारतीवरच बोलताय. भाड्याचं काय?

लंडनची डेन्मार्क स्ट्रीट ही वाद्यांच्या दुकानांची आणि स्टुडिओंची गल्ली. तिथला ‘ट्वेल्व्ह बार’ हा चिमुकला क्लब जानेवारी २०१५ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाला. ज्या घरात सेक्स पिस्टल्स हा पंक बँड राहत होता तिथे त्यांचा गायक जॉनी रॉटनने भिंतीवर काढलेल्या व्यंगचित्रांमुळे त्या घराला २०१६ मध्ये वारसा यादीतली वरची ‘तारांकित दुसरी’ श्रेणी मिळाली. ती भिंत आज शातो डेन्मार्क नावाच्या महागड्या हॉटेलात आहे. चित्रं वाचली, छान झालं. पण तशी चित्रं आज काढणाऱ्या पोराला त्या गल्लीत खोली परवडेल का? हॉटेलने एक वीटही पाडली नाही तरी आजूबाजूचा जागामालक भाडं वाढवायला मोकळा होतो. भिंत जपली आणि भाडेकरू घालवला, याला मी जतन म्हणणार नाही.

उत्तररंग

तिसरी_घंटा, भाडं फक्त हॉटेलामुळे वाढत नाही, वस्ती गाजली की वाढतंच. फ्रेंच क्वार्टरमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्या हॉटेलांना मज्जाव आहे. म्हणून तिथे पर्यटक यायचे थांबले का? ते घरांमध्ये उतरायला लागले आणि रहिवाशांची घरंच पाहुण्यांच्या खोल्या झाली. मग त्यावर वेगळी बंदी. मला तरी यापेक्षा एक नोंदणीकृत, कर भरणारं, रात्रपाळीला माणसं ठेवणारं हॉटेल बरं वाटतं.

माझं मत तेच. रंगमंच पाडून नको, रिकाम्या जागेवर हवं. तळमजला रस्त्याला उघडा, आणि ध्वनिमापकांची अट करारात.

विंगेतला

एक भर घाला. सेटचा ट्रक थिएटरच्या मागच्या दाराला लागतो तो बोळ हॉटेलच्या चादरींच्या गाड्यांना द्यायचा नाही. प्रयोग संपल्यावर रात्री सेट उतरवायचा असतो, आणि हॉटेलचा कचराही त्याच वेळी बाहेर येतो. नकाशात हा बोळ ‘सामाईक मार्ग’ म्हणून दाखवला की थिएटरवाला हरलाच.

तिसरी_घंटा

अटी घालाल हो. पाच वर्षांनी हॉटेल विकलं, नवा मालक म्हणाला मी कुठे सही केली, मग?

ध्वनिमापक

म्हणून अट परवानगीच्या कागदात ठेवून भागत नाही, ती जमिनीलाच चिकटवायची. लंडनच्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ क्लबने २०१४ च्या सुमारास समोरच्या नव्या फ्लॅटांबाबत हेच केलं. क्लबच्या आवाजाचा हक्क सुविधाधिकार म्हणून दस्तात आला. घर कितीही वेळा विकलं तरी घेणारा तो आवाज मान्य करूनच घेतो. मालमत्तेतून दुसऱ्याची वाट जाते तसा इथे आवाज जातो. हॉटेलला हेच लावायचं. बिल्डर नाही म्हणाला, तर त्याला त्या जागी नक्की काय करायचं होतं ते आपोआप कळतं.

विंगेतला

दस्तात बोळही घाला.