सरासरी वेगाचं कोडं 'क्ष' न वापरता कसं समजावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या दहा वर्षांच्या लेकीला रोजच्या व्यवहारातल्या अंकगणिती कोड्यांचा भलताच नाद लागलाय. ओंडक्याचे दोन तुकडे करायला 10 मिनिटं, तर तीन करायला किती? आधी 15 म्हणाली, मग हवेतच करवत चालवून बघितली आणि 20 वर आली. घड्याळाचे सहा ठोके 5 सेकंदांत, तर बारा ठोके 11 सेकंदांत, हे मग तिने चुटकीसरशी सांगितलं.

अडलं ते पुढे. सायकलने टेकडी चढताना वेग ताशी 4 किमी, त्याच रस्त्याने उतरताना ताशी 12. सरासरी वेग किती? तिचं उत्तर 8.

मी रस्ता 12 किमीचा धरला. चढायला 3 तास, उतरायला 1. कागदावर दर तासाला एक असे चार चौकोन काढले आणि त्यांत 4, 4, 4, 12 लिहिले. बेरीज 24, भागिले 4, म्हणजे 6. पटलं. लगेच पुढचा प्रश्न: "पण आई, तू 12च का घेतलेस? 7 घेतले तर?"

7 घेतले. चढायला 1 तास 45 मिनिटं, उतरायला 35 मिनिटं. 14 किमीला 2 तास 20 मिनिटं, पुन्हा 6च. "दोनदा आलं म्हणून नेहमी येईल कशावरून?" शंका अगदी रास्त आहे. 'सूत्रच तसं आहे' म्हणून तिला गप्प करायचं माझ्या जिवावर येतं.

मला एवढं सुचलं: 4 हा 12 चा तिसरा हिस्सा, म्हणून रस्ता कितीही असो, चढायला तिप्पट वेळ लागणारच. म्हणजे 4 चे तीन चौकोन आणि 12 चा एक, फक्त चौकोन तासाऐवजी कमीजास्त वेळाचे. पण वेग 5 आणि 7 असले तर? तिथे चौकोन कसे पाडायचे, ते तिला दाखवता येईल असं कुणी सांगेल का? अपूर्णांक चालतील, अक्षरं नकोत.

शिवाय याच जातीची, पण प्रवासाची नसलेली कोडी हवी आहेत. चढून झाल्यावर कितीही जोरात उतरलं तरी सरासरी 8 होत नाही, कारण 24 किमीला मिळणारे 3 तास चढण्यातच संपलेले असतात, हे ऐकून ती "उडत आलं तरी नाही?" म्हणाली आणि कितीतरी वेळ त्या चौकोनांकडे बघत बसली. असं बघत बसायला लावणारी कोडी असतील तर जरूर द्या.