मदत हवी आहे : जॅक्सन खुनानंतरच्या पोलीस खर्चाचे कागद नाशकात कुठे शोधावेत?

२१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. त्यानंतरच्या धरपकडीत खबऱ्यांना दिलेली बक्षिसे आणि पोलिसांवरच्या लाचखोरीच्या तक्रारी, एवढाच माझा विषय आहे. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांच्या खटल्यावर भरपूर छापून आलंय, ते नको.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात ज्युडिशियल खात्याचे १९०९-१० चे खंड पाहिले. अभिलेख पटल या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर होम-पोलिटिकलच्या (गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या) फाइलीही चाळल्या. दोन्हीकडे वरिष्ठांचा पत्रव्यवहार आणि ठराव मिळतात, पण जिल्ह्यातून आलेली सहपत्रं बहुतेकदा ‘मूळ परत पाठवले’ असा शेरा मारून गायब! म्हणजे पावत्या, रोजनिश्या असल्याच तर खाली जिल्ह्यातच.

इथे नाशकातल्या एका अभिलेख कक्षात अर्ज दिला, तर गाव आणि गट नंबर विचारतात. मांडणीच गाववार, मग पोलीस खर्चाला गाव कुठलं सांगणार? माहिती अधिकाराला ‘अभिलेख आढळत नाही’ एवढंच उत्तर आलं. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात, ‘ब’चे ३० वर्षं, पावत्या केव्हाच नष्ट झाल्या असतील, हे गृहीत धरलंय.

मोडी वाचता येते, झेरॉक्स नको, पेन्सिलने टिपणं घेईन. वेळ फक्त दिवाळीच्या सुट्टीत.

तर नेमकं हवंय ते असं : चिटणीस शाखेच्या (कलेक्टर कचेरीतली पत्रव्यवहार पाहणारी शाखा) त्या काळच्या आवक-जावक बारनिशी, म्हणजे टपालाच्या नोंदवह्या, किंवा नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवही नाशकात कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का, आणि अर्जात कोणतं शीर्षक लिहिलं होतं?