शुगरवाल्यानं वरण सोडावं का? भाजी बरी की डाळ-उसळ?

कापूसवाला_दारव्हा:
राम राम मंडळी. आमच्या बाबाले मागच्या महिन्यात शुगर निघाली, एचबीएवनसी (तीन महिन्याच्या सरासरी शुगरची तपासणी) 8.4 आला, वय 59, गोळी सुरू हाये. आता झालं असं का बाजाराच्या दिवशी कोणीतरी त्यायले सांगून देलं की डाळीतबी पिठूळपणाच राह्यते, साखर वाढते, फक्त भाजी खा. तवापासून वरण बंद, उसळ बंद, हरभरा बंद. घरची तूर पोत्यात भरून हाये अन् माणूस वरणाले हात लावत नाई. भाजी भाजी म्हणून रोज आलू-वांगं नाईतर आलूचा रस्सा, संगं तीन पोळ्या अन् वरून भात. परवा जेवल्यावर दोन तासानं मीटरवर 246 आली तर म्हणतात भाजी अजून वाढवा. साखर खरंच डाळीनं वाढते का भाजीनं? माय रोज इचारते सैपाक काय करू, मले सांगताच येत नाई.

आंबाडीची_भाकर:
दादा पहिले आलू थांबवा. आलूले आपण भाजी म्हणतो पण शुगरच्या हिशोबात तो भाताच्या बाजूचा हाये, रताळंबी तसंच. मले 11 वर्षं झाले शुगर, मी घरीच मीटरवर पाहून पाहून शिकलो. आलूचा रस्सा अन् भात खाल्ला की माही 220च्या वर जाते, त्याच दिवसासारखं काम, तीच गोळी, पण जेवणात डाळभाजी, एक ज्वारीची भाकर अन् वांग्याचं भरीत असलं तर 160-170च्या आत राह्यते. हे माह्या अंगाचं सांगितलं, बाबाचं वेगळं येऊ शकते म्हणून तुम्ही त्यायचंच तपासा. पहिला घास घेतला ती वेळ लिहून ठेवा अन् तिथून दोन तास मोजा, जेवण संपल्यापासून नाई, आम्ही कितीतरी दिवस हेच चुकवत होतो.

वर्धेकाठी:
मी आरोग्य खात्यातून रिटायर झालो, उपकेंद्रावर बरेच वर्षं काढले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बाजारात ज्यानं सांगितलं तो अर्धा बरोबर आहे. कोरड्या डाळीत शंभर ग्रॅममागे 60 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच, पालक, मेथी, आंबाडी, वांगं, दोडकं, भेंडी यांत त्यामानानं फारच कमी. पण शंभर ग्रॅम कोरडी डाळ एका जेवणात कोण खातं, वाटीभर पातळ वरणात 20-25 ग्रॅम डाळ जाते. अन् मुख्य म्हणजे ती साखर रक्तात किती जोरात येते ते पाहायचं. 1981 साली टोरंटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी यासाठी ग्लायसेमिक इंडेक्स काढला, ग्लुकोजला 100 धरून. त्यात उकडलेला आलू 80च्या जवळ, पांढरा भात 70च्या वर, अन् हरभरा, मसूर 30च्या आसपास. कारण कडधान्यात फायबर, प्रोटीन भरपूर अन् दाण्यातला स्टार्च पेशीच्या भिंतीत बंद असतो, आतड्यात तो हळूहळू सुटतो. म्हणूनच अख्ख्या हरभऱ्याची उसळ बेसनापेक्षा बरी, दळलं की ती भिंतच फुटते. पालेभाजीचा तर हा आकडा धड मोजताही येत नाही, तपासणीला 50 ग्रॅम कर्बोदकं लागतात, तेवढ्यासाठी टोपलीभर पालक खावा लागेल.
माझं मत एवढंच की भाजी अन् डाळ यांची आपसात तुलनाच करू नका. पालेभाजी पोटभर खा अन् वरण-उसळ ही भाताच्या, पोळीच्या जागी खा. दोन पोळ्या कमी करून वाटीभर घट्ट वरण नाहीतर बरबटीची (चवळीची) उसळ घेतली तर साखर उतरायलाच मदत होते.

तूरवाला_दिग्रस:
पण माह्या काकाची तर डाळीनंच वाढते ना भाऊ, गोळाभात खाल्ला की 250च्या वर.

वर्धेकाठी:
गोळाभातात डाळीचे गोळे चार अन् भात ताटभर, शुगर भाताची. तर्री-पोह्याचंही तेच, लोक म्हणतात हरभरा खाल्ला, पण पोटात गेले पोहे. काकांना एक दिवस नुसती हरभऱ्याची उसळ अन् एक भाकर देऊन तपासा, पहा काय येते.

आंबाडीची_भाकर:
अन् दादा गोळीचं नाव पाह्यजा. कोणत्या गोळ्यानं शुगर एकदम खालीबी जाते, माह्या बहिणीले ग्लिमेपिराइड सुरू होतं, जेवण अचानक अर्धं केलं तं घाम सुटून हातपाय थरथरायला लागले. जेवणात मोठा बदल करायच्या आधी डॉक्टरले सांगा. क्रिएटिनिन वाढलेलं असन तर डाळ किती खायची हेबी त्यायलेच इचारा, किडनीवाल्याचा हिशोब वेगळा राह्यते. कारल्याचा रस पेऊन गोळी बंद करणारे आमच्या गावात दोघं होते, तसं काई करू देऊ नका.

कापूसवाला_दारव्हा:
लय लय धन्यवाद. क्रिएटिनिन नॉर्मल हाये, रिपोर्ट पाह्यला. डॉक्टरले फोनवर इचारलं, ते म्हणाले वरण सुरू करा पण जेवण टाळू नका. काल रात्री मायनं आलू बाजूले ठेवला, दाट डाळभाजी केली, काकडी कापून देली अन् एकच भाकर, भात नाई. बाबा पहिले नाई नाई म्हणत होते, मंग दोन वाट्या खाल्ल्या. दोन तासानं 178. एकाच दिवसाचं हाये म्हणून हप्ताभर वहीत लिहून ठेवतो. त्यायनं आकडा पाह्यला अन् पहिला प्रश्न हाच केला की तुरीचे सोले निघाले की कचोरी चालन का?

आंबाडीची_भाकर:
कचोरी नाई. मैदा अन् तेल दोन्ही जाते. सोल्याची आमटी करा, लसूण-मिरची वाटून, अन् सोले पुरे वाटू नका, अर्धे अख्खेच राहू द्या.