'लक्ष्यवेधी' की 'लक्षवेधी'?

भाषांतरवाली: स्तनाच्या कॅन्सरवरचं रुग्णांसाठीचं पत्रक मराठीत करतेय. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत भरून गाठीपर्यंत कसं पोचवतात, हा विषय. 'टार्गेटेड'साठी मी 'लक्ष्यवेधी' लिहिलं, मुद्रितशोधकांनी 'लक्षवेधी' केलं. मला तर विधानसभेतली लक्षवेधी सूचनाच आठवते. 'ड्रग डिलिव्हरी'चंही अडलंय. बायकांच्या वॉर्डात डिलिव्हरी म्हणजे बाळंतपण. आणि 'पॉलिमर' ठेवू की 'बहुवारिक' करू?

अनुस्वार: संस्कृतात 'लक्ष' म्हणजेही नेम धरायची खूण, त्यामुळे मुद्रितशोधक व्युत्पत्तीने चुकलेले नाहीत. पण मराठीत लक्ष म्हणजे अवधान आणि लक्ष्य म्हणजे नेम, ही वाटणी आता पक्की आहे. 'लक्ष्यवेधी'च ठेवा.

शब्दवेडा: बहुवारिकच! शाळेच्या पुस्तकांतला रुळलेला शब्द आहे. एकच घटक वारंवार येतो म्हणून 'वारिक', किती चपखल!

फार्मसीवाली: मूळ ग्रीक 'मेरोस' म्हणजे भाग. 'वारंवार' तुम्ही जोडलंत. पण माझा आक्षेप 'वेधी'वर आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. नेहमीच्या इंजेक्शनात ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकात असतं, त्या द्रावकाची ॲलर्जी येते म्हणून आधी स्टेरॉइड देतात. दक्षिण कोरियात २००७ साली मान्यता मिळालेल्या जेनेक्सॉल-पीएममध्ये औषध पॉलिमरच्या कणांत बसवलंय, म्हणून ते द्रावक लागत नाही. फायदा खरा आहे. पण हे कण नेम धरत नाहीत. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथून ते झिरपतात आणि अडकून राहतात. मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली जपानमध्ये हे मांडलं. बरेच कण यकृतात आणि प्लीहेत जातात. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यक ०.७ टक्के निघाला. याला वेध म्हणून बाईला खोटी आशा का लावायची?

अनुस्वार: मग हर्सेप्टिन? ते तर कॅन्सरच्या पेशीवरचं हर-२ हे प्रथिन ओळखून चिकटतं.

फार्मसीवाली: ते प्रतिपिंड आहे, पॉलिमर नव्हे. असं प्रतिपिंड कणाला जोडलं तर 'लक्ष्य' शब्दाला आधार मिळतो. पण तेही रक्तातून तिथवर पोचल्यावरच चिकटणार.

वऱ्हाडी: 'औषध'ही जपून वापरा. आमच्या गावात औषध मारतात ते कपाशीवर, आणि 'तिनं औषध घेतलं' म्हटलं की घरात रडारड होते. दवाखान्यातलं ते गोळी, सुई, सलाईन. सरळ 'गाठीपर्यंत दवा नेणारे कण' लिहा.

शब्दवेडा: 'दवा' फारसी-अरबीतून आलेला, 'औषध' आपला.

वऱ्हाडी: 'दवाखाना' बदलणार का मग?

भाषांतरवाली: 'गाठीपर्यंत नेणारे' आवडलं, त्यात नेम धरल्याचा दावा नाही. पण पुढच्याच ओळीत 'पहिला केमो' आहे आणि मुद्रितशोधकांनी 'पहिली' केलंय.

अनुस्वार: थेरपी स्त्रीलिंगी, म्हणून केमो 'ती'.

फार्मसीवाली: आमच्या वॉर्डात सगळ्या जणी 'दुसरा केमो झाला' म्हणतात. कारण मनात 'डोस' असतो, थेरपी नव्हे.

शब्दवेडा: रसायनोपचार लिहा, वादच नको.

वऱ्हाडी: 'रसायन' म्हटलं की आमच्याकडं खत आलं!