क्रेमोना तसं मिरज
इटलीतल्या व्हायोलिनच्या गावासारखं, म्हणजे क्रेमोनासारखं, वाद्यांवर जगणारं गाव आपल्याकडे नाही, हे मत अजिबात पटलं नाही. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे की! एकेकाळी तलवारींना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवण्याकडे वळली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. क्रेमोनाची कारागिरी २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

वाद्याच्या पोकळ तुंब्यासाठी लागणारे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. पण खरी करामत जवारीत, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवण्यात. कारागीर घोडीचा माथा कानशीने किंचित घासतो, तार चढवतो, छेडतो, कान लावतो, तार उतरवून पुन्हा घासतो. घासणं कणभर जास्त झालं तर आवाज मेलाच. तंबोरा असेल तर तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. ती सापडली की तार अशी काही गुंजते की अंगावर काटा येतो. हे सगळं निव्वळ कानावर. क्रेमोनाला जरूर जा, पण मिरज स्टेशनवर नुसती गाडी बदलून पुढे जाऊ नका. गल्लीत जाऊन जवारी काढताना बघा, आणि शिकत असाल तर वाद्य तिथूनच घ्या.