इलेक्ट्रिक टूथब्रशच्या हेडखाली काळी घाण साचते, कशी काढायची?

सई_संभाजीनगर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दिवाळीपासून इलेक्ट्रिक टूथब्रश आहे. हँडल एकच, हेड दोन: निळ्या रिंगचं माझं, पिवळ्या रिंगचं सासऱ्यांचं. त्यांचा खांदा आखडलाय, हात वर करून घासणं जमत नाही, म्हणून तर हा घेतला.

काल हेड ओढून काढलं तर खालून काळपट-तपकिरी लगदा बाहेर आला. वास विचारू नका. हँडलमधून जी धातूची दांडी वर येते तिच्याभोवतीही तेच. शिवाय चार्जर आणि हँडलचा तळ, दोन्हीकडे पांढरा कडक थर. आमच्या सोसायटीत अर्धं पाणी बोअरचं, त्यामुळे नळ, शॉवर सगळीकडे क्षार आहेतच.

सासूबाई म्हणतात, हेड उकळत्या पाण्यात टाक. नणंद म्हणते, ब्लीचमध्ये बुडव. चार्जरला पाणी लावायचं म्हटलं की मला शॉकची भीती. कोणी नीट सांगेल का?

मनमौजी_ठाणे

एवढं काय त्यात! ग्लासात व्हिनेगर घ्या, हँडलसकट रात्रभर उभा करून ठेवा. ब्रश वॉटरप्रूफच असतो. सकाळी चकाचक.

निवृत्त_फिटर

सईताई, हँडल व्हिनेगरमध्ये ठेवू नका. मनमौजी, तुमच्या 'वॉटरप्रूफ'बद्दल आधी बोलतो.

बहुतेक चांगल्या ब्रशवर आयपीएक्स7 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, नवा नग साध्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास ठेवला तरी आत पाणी जाऊ नये. साधं पाणी, अर्धा तास, नवा नग. रात्रभर आम्लात ठेवायची हमी त्यात कुठेच नाही. दांडी हँडलमधून जिथे बाहेर येते तिथे एक छोटं रबरी सील असतं आणि मोटर, बॅटरी, सर्किट सगळं त्या सीलच्या भरवशावर असतं. मी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात पंपांवर काम करून निवृत्त झालो. पंप काय नि ब्रश काय, फिरत्या-हलत्या दांडीचं सील गेलं की यंत्र गेलं. दुरुस्तीही नाही, कारण हँडल बंदिस्त असतं, उघडलं की पुन्हा तसं घट्ट बसत नाही.

आता घाण येते कुठून. ब्रश चालू असताना पेस्टचा फेस आणि लाळ दांडीवरून खाली ओघळते आणि हेड व हँडल यांच्यामधल्या फटीत शिरते. आपण वरून ब्रिसल धुतो, ब्रश तसाच उभा करतो. फटीत वारा लागत नाही, ओल वाळत नाही, बुरशी धरते. काळा रंग तिचाच. (चारकोलची पेस्ट वापरत असाल तर थोडा रंग तिचाही असेल.) म्हणजे दोष ब्रशचा नाही, हेड लावून ठेवण्याचा आहे.

आजची सफाई अशी करा. हेड काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाका आणि हेड त्यात थोडा वेळ राहू द्या. मग हेडच्या खालच्या भोकात कापसाची काडी फिरवा, काडी पांढरी निघेपर्यंत. दांडीभोवतीची खाच जुन्या मऊ ब्रशने ओली करून घासा. टाचणी, सुई, स्क्रूड्रायव्हर तिथे नेऊ नका, सील फाटेल. हँडल धुताना उलटं धरा, म्हणजे दांडी खाली आणि तळ वर, पाणी सीलवर साचून राहत नाही. मग पुसून कोरडं करा.

उकळतं पाणी नको. हेडचं प्लॅस्टिक वाकतं, ब्रिसल नायलॉनचे, तेही मऊ पडून वेडेवाकडे होतात. मायक्रोवेव्हचं कोणी सुचवलं तर तेही नको, बऱ्याच हेडमध्ये धातूचा तुकडा असतो. ब्लीच मी तोंडात जाणाऱ्या वस्तूला लावणार नाही. आणि घरात ब्लीच न् व्हिनेगर दोन्ही बाहेर काढली असतील तर एक आधी कपाटात ठेवा. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फार वाईट.

चार्जरची भीती समजू शकतो, पण त्याची रचना कळली की भीती जाईल. चार्जरच्या खुंटीत एक कॉइल, हँडलच्या तळाच्या खळग्यात दुसरी. वीज तारेतून नाही, चुंबकीय क्षेत्रातून जाते. वायरलेस मोबाइल चार्जिंगचं तत्त्व हेच. त्यामुळे बाहेर उघडा धातू कुठेच नाही. तरीही पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि चार्जर नळाखाली धरायचा नाही. पांढऱ्या थरावर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने ओला केलेला कापूस दहा-पंधरा मिनिटं ठेवा. थर कॅल्शियमचा असतो, आम्लात विरघळतो, बुडबुडे येताना दिसतील. मग ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने पुसा, पूर्ण वाळल्यावरच पिन लावा. हँडलच्या तळालाही हेच. व्हिनेगर इथे चालतं, कारण सील दुसऱ्या टोकाला आहे.

आणि उद्यापासून: घासून झालं की ब्रश चालू ठेवूनच दोन-चार सेकंद नळाखाली धरा, बंद करा, हेड काढा, हेडमध्ये खालून पाण्याची धार सोडा, झटका, दांडी पुसा. हेड वेगळं, हँडल वेगळं उभं. एवढं केलंत तर हा लगदा परत दिसायचा नाही.

दाढदुखी_रत्नागिरी

फिटरकाकांनी यंत्राची बाजू सांगितली, मी दंतवैद्य म्हणून तोंडाची सांगते.

बाजारात निर्जंतुक करणाऱ्या गोळ्या, निळ्या दिव्याच्या डब्या मिळतात. गरज नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्ला साधा आहे: नळाच्या पाण्याने धुवा, उभा ठेवा, हवेवर वाळू द्या, बंद डब्यात किंवा टोपी घालून नेहमी ठेवू नका, तीन-चार महिन्यांनी बदला. इलेक्ट्रिकला बदलायचं ते हेड. आमच्या कोकणात जून-जुलैत बाथरूममध्ये टॉवेलही वाळत नाही, तिथे हेड कुठून वाळणार? मी पेशंटना सांगते, पावसाळ्यात हेड बाथरूमबाहेर खिडकीपाशी ठेवा. प्रवासाची टोपी प्रवासापुरतीच.

ब्रिसल तीन महिन्यांच्या आतच फाकत असतील तर ब्रश बदलण्याआधी हात बदला, तुम्ही दाबून घासताय. हा ब्रश दातावर नुसता टेकवायचा असतो. आपल्याकडे लोक त्याला साध्या ब्रशसारखं खसाखसा पुढे-मागे नेतात, मग हिरड्या सोलवटतात आणि खापर मशीनवर.

एक शंका. लगदा 'तपकिरी' म्हणालात. घरात कोणी मंजन वापरतं का?

एका हँडलवर दोघांचे वेगळे हेड चालतात, फक्त हँडलची मान प्रत्येकाने आपल्या पाळीनंतर पुसायची. हेडची अदलाबदल मात्र अजिबात नको.

सई_संभाजीनगर

डॉक्टर, बरोब्बर पकडलंत! सासरे पेस्ट मानतच नाहीत. ब्रश ओला करून लाल मंजनात बुडवतात आणि मग चालू करतात. आरसाभर ठिपके उडतात, ते वेगळंच.

काकांच्या पद्धतीने आज दोन्ही हेड साफ केली. निळ्या रिंगच्या हेडमधून कापूस चौथ्या-पाचव्या काडीला पांढरा निघाला. पिवळ्या रिंगच्या हेडमधून लालसर कण निघतच राहिले, शेवटी ते टाकून नवं लावलं. चार्जरचा थर लिंबाने गेला.

निवृत्त_फिटर

मंजन बंद करा, ताई. म्हणजे सासऱ्यांचं मंजन बंद करायचं नाही, ते घरातल्या राजकारणाचं काम, पण या ब्रशवर नको. त्यात गेरू किंवा बारीक भुकटी असते. ती दांडी आणि सील यांच्यामध्ये शिरली की सेकंदाला शेकडो वेळा हलणाऱ्या दांडीखाली सील घासून काढते. पेस्टही थोडी खरखरीत असतेच, पण ती पाण्याने वाहून जाते. मंजन खाचेत बसून राहतं. बोटाने मंजन लावून मग नुसता ओला ब्रश फिरवला तर तडजोड होईल असं वाटतं.

दाढदुखी_रत्नागिरी

तडजोड मंजूर, पण त्यानंतर बोटभर का होईना फ्लोराइडची पेस्ट. मंजनात ते बहुधा नसतं, आणि म्हातारपणी हिरड्या खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लवकर लागते. आणि मंजनाच्या डबीवर तंबाखू लिहिलेलं नाही ना, ते एकदा वाचून घ्या. मिश्री निघाली तर तिथे तडजोड नाही.

सई_संभाजीनगर

तंबाखू नाही, वाचलं. आता शेवटचं विचारते. मावसबहीण न्यू जर्सीहून सासूबाईंसाठी असाच ब्रश घेऊन आलीय. अजून खोक्यातच आहे. पिन बदलायचा ॲडाप्टर लावून इथे चालवला तर?

निवृत्त_फिटर

पिन लावण्याआधी चार्जर उलटा करून तळाची बारीक अक्षरं वाचा. 100-240 असेल तर खुशाल लावा. नुसतं 110-130 असेल तर लावू नका. ॲडाप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, आपल्या 230 व्होल्टवर आतली कॉइल जळेल. तसा निघाला तर इलेक्ट्रिकच्या दुकानात छोटा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो बाथरूमबाहेर कोरड्या जागी ठेवून त्यावर चार्ज करा. लिथियमची बॅटरी असेल तर एका चार्जिंगवर आठवडा-दोन आठवडे सहज निघतात, रोज लावायची गरज नाही.

मनमौजी_ठाणे

माझा ब्रश आत्ता व्हिनेगरमधून बाहेर काढलाय. चालू होतोय. तूर्तास.